टोपीवाली बी आणि देठवालं पान: परदेशातल्या एका मराठी बालवर्गाचे नऊ रविवार

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या एका उपनगरात दर रविवारी सकाळी साडेदहा ते बारा मराठी शाळा भरते. जागा भाड्याची आहे. एका प्राथमिक शाळेचं कॅफेटेरिया आणि त्यामागचं हिरवळीचं मैदान मिळतं, शिकवणारे सगळे स्वयंसेवक. मोठ्या मुलांचे वर्ग तिथे बऱ्याच वर्षांपासून चालू होते. २०२४ च्या सप्टेंबरात पहिल्यांदाच साडेतीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी बालवर्ग काढला. १४ मुलांची नावं आली आणि वर्गावर दोन ताई ठरल्या.

१४ पैकी ११ मुलांच्या घरी आईबाबा एकमेकांशी मराठीच बोलतात. उरलेल्या तिघांच्या घरी एकच पालक मराठी. या वयाची परदेशातली मुलं जशी असतात तशीच ही होती. "चपला घाल", "पाणी आण" म्हटलं की बरोबर करायची, पण तोंडातून उत्तर यायचं ते इंग्रजीत. ऐकायची भाषा मराठी आणि बोलायची इंग्रजी अशी वाटणी त्यांच्या डोक्यात पक्की झाली होती.

आणखी एक गोष्ट सुरुवातीला कुणाच्या लक्षात आली नाही. त्या वर्षी २ सप्टेंबरला लेबर डे होता आणि रोजच्या शाळा त्याच आठवड्यात उघडल्या. बालवर्गातल्या आठ मुलांनी त्याच आठवड्यात आयुष्यात पहिल्यांदा आईचा हात सोडून शाळेत पाऊल टाकलं होतं. रविवारची मराठी शाळा सुरू झाली ८ तारखेला. म्हणजे आठवडाभरात दुसरी अनोळखी इमारत आणि दुसऱ्या अनोळखी बाई.

अडचण

पहिल्या रविवारी सगळी १४ मुलं आली. टेबलं-बाकं मांडून ठेवली होती आणि प्रत्येकापुढे 'अ' गिरवायचा कागद होता. पालकांना दारातूनच निरोप दिला. पाच मुलं रडली, त्यातलं एक शेवटपर्यंत रडत होतं. दोन्ही ताईंचा वेळ समजूत घालण्यातच गेला.

दुसऱ्या रविवारी, १५ सप्टेंबरला, नऊच मुलं आली. ताईंनी आठवडाभर खपून शरदाचे कागद तयार केले होते. मेपलच्या पानाची बाह्यरेषा, सफरचंद, बुजगावणं, आणि प्रत्येकाखाली मराठीत नाव. कुणी रडलं नाही. मुलांनी खडू घेतले, चार मिनिटांत पानं लाल करून टाकली आणि झालं म्हणून इंग्रजीत सांगितलं. नव्वद मिनिटांत ताई सोडून कुणाच्याही तोंडून मराठी वाक्य आलं नाही.

दोन रविवारांपैकी दुसरा जास्त काळजी करण्यासारखा होता, कारण तो वरवर छान गेला होता. फोटो सुंदर आले, पालकही खूश होते. पण पान लाल रंगवायला कुठल्याच भाषेची गरज पडत नाही. खाली 'पान' असं लिहिलं म्हणून मूल 'पान' म्हणत नाही, त्याला तर अजून वाचताही येत नाही.

समोरचे पर्याय

त्या आठवड्यात दोन्ही ताई आणि शाळेचे समन्वयक बसले. चार पर्याय समोर आले.

मुळाक्षरं रेटत राहावीत, मुलांना आपोआप सवय होईल, असं काही पालकांचं म्हणणं होतं. हा पर्याय लवकरच बाजूला पडला. पेन्सिलीची पकड अजून बसायची आहे अशा साडेतीन वर्षांच्या मुलाला गिरवण्यातून बोलायला काहीच मिळत नाही.

पालकांना वर्गातच बसवून खेळगट करावा, हा दुसरा. रडणं नक्की थांबलं असतं. पण आई शेजारी असली की मूल आईशी इंग्रजीत बोलतं आणि आई ताईला मराठीत सांगते. दुभाषी मिळाला की मुलाला बोलावं लागत नाही.

तिसरा पर्याय म्हणजे महाराष्ट्रातल्या बालवाडीचा वार्षिक आराखडा तसाच वापरायचा. त्याची सुरुवात जूनमध्ये होते, पाऊस, छत्री, बेडूक यांनी. इथे सप्टेंबरात शाळा उघडते तेव्हा दारात ओकची फळं पडलेली असतात. नुसत्या 'पानगळ' या शब्दातही गोंधळ होता. मराठी मनात पानगळ शिशिरातली, माघ-फाल्गुनातली. शरद म्हणजे निरभ्र आकाश आणि कोजागिरीचं चांदणं. ताईंनी ऋतूचं नाव शिकवायचंच नाही असं ठरवलं. "पानं गळतात" हे वाक्य डोळ्यांपुढे खरं होतं, तेवढं पुरे झालं.

चौथा पर्याय म्हणजे मुलांना आत्ता जे दिसतं आणि रोजच्या शाळेतही जे हाताळायला मिळतं, तीच पानं, बिया आणि भोपळे घ्यायचे, पण तयारी नामांच्या यादीवरून न करता क्रियापदांच्या यादीवरून करायची. कुठल्या वस्तूशी खेळताना मुलाला काहीतरी मागावं लागेल, नाकारावं लागेल, दुसऱ्याला सांगावं लागेल? ज्या खेळात मुकाट्याने काम भागतं, तो कितीही देखणा असला तरी सोडून द्यायचा.

हाच पर्याय ठरला. दुसऱ्यातला एक भाग जोडून घेतला: पहिल्या रविवारी पालकांनी पंधरा मिनिटं वर्गात थांबायचं, पुढच्या रविवारी दहा, नंतर पाच, मग दारातून निरोप. निघताना प्रत्येकाने "बारा वाजता येते" असं मुलाला सांगून जायचं. गुपचूप सटकायला मनाई होती, कारण एकदा आई न सांगता गेली की मूल पुढचे तीन रविवार तिचा पदर सोडत नाही.

काय केलं

पानांची फेरी, २२ सप्टेंबर

योगायोगाने हा शरदसंपाताचा, म्हणजे दिवस-रात्र जवळजवळ सारखे असण्याचा, दिवस होता. ताईंच्या मनात लालभडक पानं होती. प्रत्यक्षात त्या भागात सप्टेंबरअखेर झाडं बहुतेक हिरवीच असतात, आणि मैदानात सापडली ती हिरवी पानं आणि थोडी पिवळी. इथे मराठी व्याकरणाची एक अडचण अंगावर आली.

हिरवा आणि पिवळा हे रंग नामाप्रमाणे बदलतात: हिरवा भोपळा, हिरवी बी, हिरवं पान. लाल, केशरी, तपकिरी बदलत नाहीत. लाल भोपळा, लाल बी, लाल पान. म्हणजे ऑक्टोबरचे रंग मराठी शिकणाऱ्या मुलाला सोपे आणि सप्टेंबरचे अवघड. पहिल्याच फेरीत एक मुलगी पान उंच धरून "हिरवा पान!" म्हणाली. ताई चटकन बोलल्या, "हिरवा नाही, हिरवं." ती गप्प झाली आणि त्या दिवशी पुन्हा बोलली नाही. घरी जायच्या आत ताईंनी नियम केला: चूक दुरुस्त करायची नाही, बरोबर वाक्य आपण आनंदाने परत म्हणायचं. "हो गं, केवढं हिरवं पान!" यात मुलाचं म्हणणं ऐकलं गेल्याचं त्याला कळतं आणि बरोबर रूपही कानावर पडतं.

त्याच दिवशी एक गंभीर प्रसंग घडला. भारतातून आलेल्या एका आजी फेरीत सोबत होत्या. कुंपणाच्या कडेला तीन-तीन पानांची, लालसर होत चाललेली वेल दिसली. "अगं, हे तर बेलासारखं," म्हणत त्यांनी एक डहाळी तोडली आणि नातवाला द्यायला हात पुढे केला. ती पॉयझन आयव्ही होती. या वेलीच्या चिकात उरुशिऑल नावाचं तेल असतं, ते कातडीला लागलं की बहुतेकांना खाज आणि फोड येतात, आणि तेही लगेच नाही, एक-दोन दिवसांनी. मोठ्या ताईंनी डहाळी खाली टाकायला लावली आणि आजींचे हात साबणाने धुवून घेतले. मुलाच्या हातात ती गेली नव्हती. आजींच्या मनगटावर मात्र मंगळवारी पुरळ उठलं. शरदात ही वेल सुंदर लाल होते, त्यामुळे पानं गोळा करणाऱ्या लहान मुलांसाठी हाच काळ सर्वांत धोक्याचा, आणि मराठी घरातल्या माणसाला तर त्रिदळ दिसलं की हात जोडावेसे वाटतात. तेव्हापासून एक ताई अर्धा तास आधी येऊन मैदान पाहते, कुंपणापासून दहा पावलांवर दोरी टाकते, आणि "तीन पानं, हात मागे" हे वाक्य मुलं दोरीपाशी मोठ्याने म्हणतात. पालकांना घरी गेल्यावर मुलांचे मोजे, गुडघ्यांची मागची बाजू आणि कानामागची जागा गोचिडीसाठी तपासायला सांगितलं. पाचोळ्यात गोचिडी असतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही त्या सापडतात.

पानांचं दुकान, २९ सप्टेंबर

आतापर्यंत लाल मेपलची काही पानं रंगली होती. ताईंनी शनिवारी संध्याकाळी साठेक पानं गोळा केली, नुकतीच गळलेली आणि वाकवली तरी न मोडणारी. ओलसर कापडात गुंडाळून, पिशवीत घालून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली. उघडी ठेवली असती तर सकाळपर्यंत कडांनी वळली असती आणि मुलांच्या हातात चुरा झाली असती.

मांडणी अशी होती. सहा-सहा मुलांची दोन टेबलं. प्रत्येक टेबलावर पाच ताटल्या: लाल, पिवळी, हिरवी, तपकिरी, आणि एकीत नुसती मोठी पानं. एक मूल दुकानदार, बाकीची गिऱ्हाइकं. प्रत्येक गिऱ्हाइकाजवळ पैसे म्हणून पाच आइसक्रीमच्या काड्या. बटणं किंवा मणी मुद्दाम घेतले नाहीत, कारण काहींची दोन वर्षांची भावंडं आसपास फिरत होती.

पहिली पाच मिनिटं खेळ फसला. मुलं बोटाने दाखवत होती आणि दुकानदार मुकाट्याने पान देत होता. व्यवहार चोख, भाषा शून्य. मग धाकट्या ताईंनी पुठ्ठ्याचं खोकं आडवं कापून ताटल्यांपुढे उभं केलं, साधारण तीस सेंटिमीटर उंच. गिऱ्हाइकाला ताटल्या दिसेनात, त्यामुळे मागितल्याशिवाय गत्यंतर उरलं नाही. "लाल पान दे." "किती?" "दोन." एका खोक्याने वर्गाचा आवाज बदलला. साडेतीन वर्षांच्या तिघांना मात्र ही आड अवघड गेली. त्यांच्यासाठी ताईंनी दोन्ही हातांत दोन पानं धरून "हे हवं की ते?" एवढाच प्रश्न ठेवला.

तोपर्यंत वर्गात एकही शब्द न बोललेला एक मुलगा होता. मैदानात तो पान देठाला धरून दोन बोटांत गरगर फिरवत बसायचा, बाकी कशात रमायचा नाही. दुकानात त्याने काडी पुढे केली, दुकानदाराने आडोशावरून एक पिवळं पान दिलं. त्याने ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि परत ठेवलं. दुकानदाराने दुसरं दिलं, तेही परत. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "देठ नाही." दुकानदार त्याच्याकडे बघतच राहिला. "देठवालं दे." चौथं पान देठाचं निघालं. काडी देऊन तो कोपऱ्यात जाऊन फिरवत बसला. 'देठ' हा शब्द ताईंनी आदल्या रविवारी सहज दोनदा उच्चारला होता, यादीत धरलाही नव्हता. हवं ते मिळत नव्हतं म्हणून त्या शब्दाची गरज पडली, आणि गरज पडली म्हणून तो आला.

दिवस संपताना ओकची फळं प्रत्येकाला झिप लावलेल्या पिशवीतून घरी दिली. मुलांनी त्यांचं नाव 'टोपीवाली बी' ठेवलं होतं, तेच रूढ झालं. बुधवारी दोन घरांतून फोन आले: पिशवीत पांढरट अळ्या वळवळत होत्या. भुंग्याच्या जातीचा एक किडा हिरव्या फळातच अंडी घालतो आणि फळ गळल्यावर अळी भोक पाडून बाहेर येते. इलाज सोपा आहे. आधी फळं पाण्यात टाकायची, जी तरंगतात ती बहुधा किडकी किंवा पोकळ, ती बाहेर टाकायची. बुडालेली पुसून, ताटात एका थरात पसरून, ओव्हनमध्ये सुमारे ९० अंश सेल्सिअसवर दीड-दोन तास ठेवायची, मधूनमधून हलवायची. हवाबंद पिशवीऐवजी कागदी पिशवी द्यायची, नाहीतर बुरशी येते. आणि तीन वर्षांखालचं भावंड असेल तर ही फळं द्यायचीच नाहीत, सरळ घशात अडकण्याच्या मापाची असतात.

भोंडला आणि खिरापत, ६ ऑक्टोबर

नवरात्र त्या वर्षी ३ ऑक्टोबरला बसलं, त्यामुळे हा रविवार भोंडल्याचा. पाट नव्हता, पुठ्ठ्यावर हत्ती काढून मध्ये ठेवला आणि भोवती फेर धरला. घरोघरीचे शब्द वेगळे निघाले. कुणाच्या घरी भोंडला, कुणाकडे हादगा, विदर्भातल्या एका आईने भुलाबाई सांगितली. 'खरा शब्द कुठला' यावर व्हॉट्सअ‍ॅपवर चर्चा सुरू होण्याआधीच ताईंनी लिहून टाकलं: जो घरचा तो बरोबर, वर्गात सगळे चालतील. हीच भूमिका पुढे भोपळ्यालाही लागू झाली, कारण काहींच्या घरी तो डांगर होता आणि एकीकडे कोहळं.

फेर दहा मिनिटांत संपला, खरा खेळ होता तो खिरापत ओळखण्याचा. आत काय आहे हे सांगायचं नाही आणि दुसऱ्याने विचारून-विचारून ओळखायचं, हे तर आपल्या परंपरेत आधीपासून आहे. ताईंनी झाकणाचे तीन डबे आणायला सांगितले. मुलांनी हलवायचं, वास घ्यायचा आणि विचारायचं: गोड की तिखट? मऊ की कुरकुरीत? गोल की लांब? प्रश्नातच दोन उत्तरं दिलेली असल्याने अगदी लहानांनाही बोलता आलं, आणि चौथ्या-पाचव्या फेरीला मुलंच एकमेकांना प्रश्न विचारू लागली.

एका मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी होती, म्हणून दाण्याचं काहीही नको असं आधी कळवलं होतं. तरी एका डब्यात पॉपकॉर्न निघाले. चार वर्षांखालच्या मुलांना ते द्यायचे नसतात, घशात अडकतात. तो डबा फक्त हलवून ओळखण्यापुरता ठेवला. खायला होते घारगे: दोन वाट्या किसलेला लाल भोपळा आणि एक वाटी गूळ एकत्र शिजवून, गार झाल्यावर चिमूटभर मीठ, वेलची, दोन चमचे तांदळाचं पीठ आणि मावेल तेवढी कणीक. पाणी घालायचं नाही. पाणी घातलं तर पीठ सैल होतं, मग आणखी कणीक लागते आणि भोपळ्याची चव हरवते.

दसऱ्यानंतरचा दिवस, १३ ऑक्टोबर

सलग तीन दिवसांच्या सुट्टीमुळे पाचच मुलं आली. वर्ग रद्द करावा का, असा विचार आदल्या रात्री झाला होता. केला नाही हे चांगलं झालं. आपट्याची पानं तिथे मिळत नाहीत, पण रेडबडचं झाड मैदानाच्या कडेला होतं. ते आणि आपटा वनस्पतिशास्त्रात एकाच उपकुळातले. रेडबडचं पान हृदयाच्या आकाराचं आणि अखंड, आपट्याचं दोन पाळ्यांचं. रेडबडचं पान मधल्या शिरेवर दुमडून उघडलं की आपट्याची आठवण येते. ऑक्टोबरात ते पिवळं होतं, म्हणजे सोनं म्हणायला अगदी शोभतं. मुलांनी एकमेकांना आणि मग शेजारच्या मोठ्या वर्गात जाऊन पानं दिली. "सोनं घ्या" म्हणताना 'घ्या' आणि 'घे' यातला फरक पहिल्यांदा पुढे आला. मोठ्या दादांना 'घे', तिथल्या काकूंना 'घ्या'. आदरार्थी रूप समजावून सांगावं लागलं नाही, समोरचं माणूस बदललं तसं ते बदललं.

भोपळा, २० आणि २७ ऑक्टोबर

एक सहा किलोचा मोठा भोपळा आणि दोन-दोन किलोचे दोन लहान आणले. मोठ्याचं वरचं झाकण एका ताईंनी घरीच कापून परत बसवून आणलं. मुलांसमोर सुरी आणायची नाही हे पक्कं होतं.

आधी भोपळा जमिनीवर ठेवून ढकलायचा, उचलून पाहायचा, ठोकून ऐकायचा. मग एका मोठ्या प्लास्टिकच्या टबात अर्ध्यापेक्षा जास्त पाणी भरून प्रश्न: बुडेल की तरंगेल? जवळजवळ सगळी "बुडेल" म्हणाली, इतका जड भोपळा बुडणारच. न कापलेले लहान भोपळे टाकले, दोन्ही तरंगले. आत पोकळी असते. "पुन्हा टाक!" हे वाक्य त्या दिवशी इतक्या वेळा आलं की ताईंनी मोजणं सोडलं. टाक, बुडव, सोड, वर आला, परत टाक. एका टबातून इतकी क्रियापदं वर्षभरात दुसऱ्या कशातून निघाली नसतील.

आतला गर खरवडायला आइसक्रीमचा चमचा चांगला, साधा चमचा वाकतो. चार मुलांनी त्या बुळबुळीत दोऱ्यांना हात लावायला नकार दिला. त्यांना जबरदस्ती न करता थोडा गर बंद पिशवीत घालून दाबायला दिला. पुढच्या रविवारी त्यातल्या दोघांनी आपणहून हात घातला. बिया चाळणीत धुऊन जुन्या सुती कापडावर पसरल्या. कागदी टॉवेलवर पसरल्या तर वाळताना चिकटून बसतात. अंड्यांच्या बारा खणांच्या खोक्याचे दोन खण कापून दहा ठेवले आणि प्रत्येकात एक बी घालत एक ते दहा मोजलं.

२७ तारखेला म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट उभी केली. लेकीकडून परतताना म्हातारी भोपळ्यात बसून जंगलातून जाते, ही कल्पनाच या मुलांसाठी नवी होती. रोजच्या शाळेत भोपळा म्हणजे डोळे-तोंड कोरलेला चेहरा, इथे भोपळा चालू लागला. भोपळा म्हणून मोठं खोकं, वाघ, अस्वल आणि कोल्हा असे तीन भक्षक वाटेत, आणि प्रत्येकाला तेच एक वाक्य म्हणायचं. एकच वाक्य तीन वेळा येणं हे या वयात मोठं बळ असतं, तिसऱ्या वेळेला सगळा वर्ग ते म्हणतो.

या सुमारास वाद झाला तो हॅलोवीनचा. त्या वर्षी हॅलोवीन आणि दिवाळी एकत्र, ३१ ऑक्टोबरच्या आसपास आली. काही पालकांना मराठी शाळेत हॅलोवीन नको होतं, काहींना मुलांची वेषभूषा दाखवायची होती. ताईंनी भोपळ्याचा कंदील करायचं ठरवलं, चेहरा न कोरता कुकी कटरने पाडलेल्या गोल-चौकोनी भोकांचा, आत बॅटरीची पणती. कल्पना चांगली, वेळ चुकली. २० तारखेला पोखरलेला भोपळा २७ पर्यंत काळ्या बुरशीने भरून खाली बसला होता. पोखरलेला भोपळा खोलीत तीन ते पाच दिवसच टिकतो. लहान भोपळे अजून न कापलेले होते, त्यांच्यावर काम भागलं.

परिणाम

३ नोव्हेंबरला, घड्याळं एक तास मागे गेली त्या सकाळी, १२ मुलं आली. एक कुटुंब घड्याळ न बदलता तासभर आधीच दारात उभं होतं.

धाकट्या ताई पहिल्या फेरीपासून एक साधी नोंद ठेवत होत्या: कुणी विचारल्याशिवाय, स्वतःहून दोन किंवा जास्त शब्दांचं मराठी वाक्य बोललेली मुलं किती. २२ सप्टेंबरला दहापैकी तीन. ३ नोव्हेंबरला बारापैकी नऊ. बोललेली वाक्यं बहुतेक मागण्याची आणि नाकारण्याची होती: "मला दे", "हे नको", "माझं पडलं". वर्णनाची वाक्यं फार थोडी. नऊपैकी निदान दोघं सुरुवातीपासून जरा बोलकी होती, त्यांचं श्रेय पानांना देता येणार नाही. उरलेल्या तिघांपैकी एकाच्या घरी मराठी फक्त आजीच्या फोनवर असते. तो ऐकतो, हसतो, बरोबर ताटली उचलतो. त्याच्यासाठी एवढ्या रविवारांत जे झालं ते पुरेसं नव्हतं, हे ताईंनी पालकांना स्पष्ट सांगितलं.

'हिरवं-पिवळं' अजूनही चुकतं. ऑक्टोबरअखेर 'लाल पान' आणि 'तपकिरी पान' मात्र बेधडक येत होतं.

पुन्हा करायचं झालं तर

पहिला वर्ग रोजच्या शाळा उघडल्यावर दोन आठवड्यांनी ठेवायचा. ८ सप्टेंबरऐवजी २२ ला सुरुवात केली असती तर मुलांची एक नवी शाळा पचून झाली असती आणि दोन रविवार वाया गेले नसते.

पानांची फेरी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ढकलायची. सप्टेंबर बियांचा आणि फळांचा ठेवायचा. 'बी' हा एकच शब्द, रंग बहुतेक तपकिरी, म्हणजे रूप बदलण्याची भानगड नाही. हिरवं-पिवळं त्यानंतर.

दुकानातला आडोसा पहिल्या मिनिटापासून लावायचा, पण दुकानदारी आधी ताईने करून दाखवायची. दोन्ही टेबलांवर दुकानदार मूल तेच होतं, पाळी बदलली नाही, त्यामुळे "किती?" विचारण्याचा सराव फक्त दोघांना मिळाला. दर चार गिऱ्हाइकांनंतर दुकानदार बदलायला हवा.

पाच मुलांचा तो रविवार सगळ्यांत जास्त बोलका गेला. पुढच्या वर्षी १४ मुलं असतील तर दोनऐवजी तीन ताई किंवा दोन ताई आणि एक आजी, आणि पाच-पाचचे गट. आजींना आधी वेलीचा फोटो दाखवून ठेवायचा.

आणि कंदिलाचा भोपळा आठवडाभर आधी पोखरायचा नाही, आदल्या शनिवारी रात्री पोखरायचा.